प्रशिक्षणाचे तास भरले, पण मागच्या बाकावर बसायला कोण येणार?

आडवाट (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकून आले. उरकून हाच शब्द बरोबर. एसी सभागृह, पडद्यावर स्लाइड्स, मग सहा-सहा जणांचे गट, चार्टपेपर, स्केचपेनं. आमच्या गटाने ‘आनंददायी गणित’ असं लिहून भोवती फुलं काढली. अभिप्रायाचा फॉर्म दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच भरून घेतला. दुपारचं सत्र अजून व्हायचं होतं, पण तेही ‘उत्तम’ झाल्याचं मी लिहून दिलं आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. तास भरतात हो. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा कोर्स तर शीत शिजेपर्यंत पुरा होतो. फोन फळीवर, व्हिडिओ चालू, आपण चुलीपाशी. एकोणीस वर्षांत माझी प्रमाणपत्रांची फाइल इतकी फुगली की तिला सुतळी बांधावी लागते.

आता खरी गोष्ट. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात माझी शाळा, चार वर्ग मिळून २३ मुलं, शिक्षिका आम्ही दोघी. तिसरीत एक मुलगी आहे. वजाबाकी म्हटली की चूक. मी तिला ‘धांदरट’ ठरवून मोकळी झाले होते. त्यात शुक्रवारी हमखास गैरहजर. यंदा डी.एल.एड.ची, म्हणजे शिक्षक-पदविकेची, एक विद्यार्थिनी आंतरवासितेला आली. तिला बसायला खुर्ची नव्हती म्हणून ती मागच्या बाकावर, या मुलीशेजारी बसली. तिसऱ्या दिवशी पाव-भाजीच्या सुट्टीत मला हळूच म्हणते, “बाई, ती चुकत नाही. ती एकच नियम पाळते.” वही उघडून दाखवली. ५२ − ३७ = २५. ६१ − ४८ = २७. ८० − २६ = ६६. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला, वर कुठला, खाली कुठला हे न बघता. हातचा नाहीच.

मुलीला विचारलं, असं कोणी शिकवलं? “बाई, तुमींच सांगलां न्हय, व्हडल्यांतलें ल्हान काडपाचें.”

‘मोठ्यातून लहान काढायचं’, खरंच, मीच सांगते. दरवर्षी सांगते.

एकोणीस वर्षांत एकाही प्रशिक्षणात मला हे कळलं नव्हतं, ते वीस वर्षांच्या पोरीने तीन दिवसांत दाखवलं. ती हुशार होती यापेक्षा ती मागच्या बाकावर बसली होती, हे महत्त्वाचं. माझी भाची एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करते. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, मग नोंदवही, आणि दर आठवड्याला तिच्या मॅडम समोर बसवून विचारतात, त्या बाईला तू असं का म्हणालीस, ती गप्प झाली तेव्हा तू काय केलंस. आम्हाला नोकरी लागल्यावर असं कोण विचारतं? प्रशिक्षणाऐवजी कोणीतरी असं मागच्या बाकावर येऊन बसायला हवं. शिवाय त्यांना लोकांच्या घरी कसं जायचं ते शिकवतात. आम्हाला ते आलंच पाहिजे, असं माझं मत. बोला.


निवृत्त_भागशिक्षणाधिकारी

बाई, मी बसलोय मागच्या बाकांवर. माझी गाडी वळणावर दिसली की शाळेत निरोप आधी पोचायचा. मी पोचेपर्यंत फळ्यावर सुविचार, मुलांच्या हातात मणी-माळा आणि बाई गोड आवाजात. एका शाळेत तर पोरांनी माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला हात वर केले ते असे: येत असेल त्याचा उजवा, येत नसेल त्याचा डावा. बाईंना बरोबर कळत होतं कोणाला विचारायचं. (युक्तीला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.)

तुमची ती विद्यार्थिनी चालली, कारण तिच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल नव्हता. खात्यातून जो येईल त्याच्याकडे तो असणारच. तेव्हा तुमची योजना कागदावर आली की तिची तपासणी होणार, लिहून ठेवा. त्यापेक्षा प्रशिक्षण बरं. निदान तिथे मास्तर मास्तरांना भेटतात.


पाटी_पेन्सिल

पहिल्या अर्ध्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी साफ असहमत.

मी माध्यमिकला गणित शिकवतो. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम काढून बघा. दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, याखेरीज शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असं ते म्हणतं. आता हे तीन अपवाद म्हणजे तीन दरवाजे, आणि त्यातून किती काम आत येतं ते मतदारयाद्या घेऊन उन्हातून फिरलेल्यांना विचारा. त्यावर तुम्ही आपण होऊन चौथा दरवाजा उघडताय, घरभेटींचा. उद्या परिपत्रक येईल: महिन्याला दहा घरभेटी, फोटोसह, जिओटॅग करून अपलोड करा. मग बसा रेंज शोधत.

डॉक्टर रुग्णाच्या घरचं छप्पर शाकारायला जात नाही. मला हातचा शिकवू द्या. ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक, त्यातला एक सुटा करून १२ कसे होतात, हे काड्यांच्या जुड्या सोडून दाखवायचं. एवढं नीट करायला आयुष्य पुरत नाही.


खाणपट्टा

वजाबाकी, घरभेटी सगळं ठीक. पण सरकारी मराठी शाळेत मुलंच राहिली नाहीत त्याचं काय? २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, तिथून सगळे तिकडे पळाले. २३ मुलं म्हणे. आणखी पाच वर्षांनी मागचा बाकच नसेल.


माणकुलें

@खाणपट्टा, माध्यमावर इथे आधीच तीन धागे आहेत, भांडण तिकडे न्या. (मीही येईन, माझीही मतं तिखट आहेत.)

@निवृत्त_भागशिक्षणाधिकारी, मी शिक्षक-प्रशिक्षणातच काम करते, म्हणजे चार्टपेपर पुरवणाऱ्यांपैकी. तरी धागाकर्तीच्या बाजूने बोलते. याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने वाचता न येणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत बसवली. इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करायचे, अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, आणि तिथून पुढे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळींनी ती वर्षानुवर्षं वेगवेगळ्या राज्यांत तपासली. बिहारमध्ये आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, पण शाळेच्या दिवसांत मुलांच्या शिकण्यात जवळजवळ फरक पडला नाही. मजा म्हणजे बिहारच्याच शिक्षकांनी उन्हाळी वर्गात तीच पद्धत वापरली तेव्हा फरक पडला. म्हणजे शिक्षकांना येत होतं. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक पुरं करायचा रेटा त्यांना गिळत होता.

२०१२-१३ ला हरियाणात तीन गोष्टी बदलल्या. रोजचा एक तास यासाठीच राखून ठेवला. पातळीप्रमाणे गट केले. आणि ज्या गटस्तरीय अधिकाऱ्यांनी शाळाभेटी द्यायच्या, त्यांना आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवायला लावलं. भाषेत मुलं पुढे गेली. सर, तुमच्या मुद्द्याला हेच उत्तर आहे. बघायला येणाऱ्याने आधी स्वतः खडू हातात धरलेला असला की त्याच्यासमोर नाटक फार वेळ चालत नाही.


निवृत्त_भागशिक्षणाधिकारी

खडू मीही धरला होता, अकरा वर्षं. मग गाडी मिळाली आणि खडू सुटला. मान्य.

पण हरियाणातल्या शाळा कुठे, आमच्या कुठे. एक बाई, चार इयत्ता, बारा पोरं. तिथे पातळीप्रमाणे गट बाई पहिल्या दिवसापासून करतेच, दुसरा इलाजच नाही. तिला नवीन काय सांगणार?


पाटी_पेन्सिल

शिवाय ‘संशोधन’ या शब्दाची आम्हाला धास्ती आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची (आपल्याच कामातला प्रश्न उपाय करून तपासायची) कल्पना मांडली तेव्हा त्याला हे ठाऊक नसणार की पुढे गोव्यापासून गोंदियापर्यंत प्रत्येक छात्राध्यापक ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या अशुद्ध लेखनाची कारणे व उपाय’ हाच अहवाल, त्याच आलेखासह, बाइंडिंग करून देणार आहे. पूर्वचाचणीत मुलं नापास, उत्तरचाचणीत सगळी पास. एकाही अहवालात उपाय फसलेला मी पाहिला नाही. माझ्याही नाही.


मांडवीपार

मी समाजकार्य केलंय, बारा वर्षं वस्त्यांत काम करते. इथे समाजकार्याचं नाव निघालं म्हणून लिहिते, आणि धागाकर्तीला आवडेल असं लिहीत नाहीये.

ताई, तुमची भाची वहीत लिहिते आणि मॅडम विचारतात, तेवढं तुम्हाला दिसलं. त्याआधी काय असतं ते दिसलं नाही. पहिल्या महिन्यात आम्ही फक्त जायचं आणि काही करायचं नाही. कोणाच्या ओट्यावर बसायचं, चहा नको कसं म्हणायचं, घेतला तर कोणाच्या घरचा आधी घ्यायचा. मी एकदा एका घरात दहा मिनिटांत उपाय सांगून आले. नोंदवहीत ऐटीत लिहिलं, ‘पालकांचे समुपदेशन केले’. सरांनी त्या ओळीखाली लाल शाईने एवढंच लिहिलं, ‘तिला विचारलंस काय?’ ती वही अजून आहे माझ्याकडे. हा पेशा आहे. मुंबईत १९३६ पासून तो रीतसर शिकवला जातो. एका कार्यशाळेच्या जोरावर शिक्षकांना घरोघर पाठवलंत तर घरच्यांना एकच कळेल, बाई तक्रार घेऊन आल्या. मग पोर मार खातं.

त्यामुळे पाटी_पेन्सिल यांच्या मताला मी उलट्या बाजूने येऊन मिळते. त्यांना ते काम नको आहे, म्हणून. मला ते कच्च्या हातात नको आहे, म्हणून. पाच-सहा शाळांमागे एक समाजकार्यकर्ती नेमा आणि तिला पूर्ण पगार द्या.

एक विचारू? ती मुलगी शुक्रवारीच का गैरहजर असते? शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार.


आडवाट

@मांडवीपार, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. डिचोली तालुक्यात जन्म काढला आणि हे मला सुचलं नाही.


पाटी_पेन्सिल

पेशा, पेशा म्हणून सगळ्यांनी कुंपण घातलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोणत्या खात्यात बसवायच्या? पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर पोरं गुरांमागे जायची म्हणून या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तेव्हा कोणी विचारलं नाही, हे शिक्षण की समाजकार्य.

(मी माझ्याच विरुद्ध बोललो हे माझ्या लक्षात आलंय. कोणी दाखवून देण्याची गरज नाही.)


माणकुलें

दाखवून देण्याचा मोह आवरते. पण त्या दोघींनी ते वर्षानुवर्षं एकाच भागात राहून केलं, बदलीची ऑर्डर हातात घेऊन नाही.


आडवाट

चार दिवसांनी लिहितेय.

मुलीच्या घरी गेले. वही, हजेरीपट काही नेलं नाही. तक्रार नाही हे दारातच सांगितलं. ओट्यावर बसले, चहा घेतला. आई शुक्रवारी पहिल्या बसने म्हापशाला जाते, सध्या लाल भाजी आणि मुळे घेऊन. सासू अंथरुणाला खिळलेली. धाकटा दोन वर्षांचा, अंगणवाडीच्या शाळेत तीन वर्षांनंतरच बसणार. म्हणजे शुक्रवारी घर माझ्या तिसरीतल्या मुलीकडे. सासूला पेज तीच भरवते.

मी काही सुचवलं नाही. तुमच्या सरांची लाल शाई डोळ्यांसमोर होती. परत येऊन माझ्या टाचणवह्या काढल्या. गणितातला नवा घटक मी गेली कित्येक वर्षं शुक्रवारी सुरू करते, सोमवार ते गुरुवार उजळणी. हातच्याची वजाबाकीही शुक्रवारीच सुरू केली होती. यापुढे नवा घटक मंगळवारी. पाटी_पेन्सिल, यात समाजकार्य काही नाही ना? वेळापत्रकच बदललं फक्त.

काड्यांच्या जुड्या सोडून काल तिला बसवलं. ८० − २६ आता ५४ येतं. ३०० − १२७ ला अडकते. शेजारच्या शून्याकडे मागायला जाते आणि त्याच्याकडेही काही नसतं.


पाटी_पेन्सिल

३०० ला शतक-दशक वेगळे करू नका. ३० दशक म्हणा. ३० मधला एक घेतला, राहिले २९, आणि सुटे झाले १०. करून बघा.


मांडवीपार

वेळापत्रक बदललं ते चांगलं केलंत. पण शुक्रवारी ती घरीच आहे, आणि आता तिचं काही बुडत नाही म्हणून तिच्या घरी राहण्याकडे कोणाचं लक्षही जाणार नाही. तुमचं गणित सुटलं ताई, तिचा शुक्रवार तसाच आहे. त्या दोन वर्षांच्या पोराला एक दिवस कोण सांभाळील, ते वाड्यावर विचारायला मी यायला तयार आहे. आधी आईला विचारा, मी आलेलं तिला चालेल का.


आडवाट

विचारते. रविवारी, ती घरी असते तेव्हा.