बॅटिंगच्या कात्रणांचं बोचकं झालंय, काय करू?

गोधडीवेडी:
तीनेक वर्षं गोधड्या शिवतेय, म्हणजे आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या नव्हेत हं, वर पॅचवर्क, मधे बॅटिंग (म्हणजे ऊब देणारा कॉटनचा नाहीतर पॉलिएस्टरचा मऊ थर), खाली अस्तर अशा. शिवताना मधला थर सरकतो म्हणून चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्तीची ठेवते आणि शेवटी कडा कापल्या की या लांबच लांब पट्ट्या हातात उरतात. परवा सहज मोजलं, 90 बाय 100 इंचाच्या एका गोधडीमागे तीस फुटांच्या वर पट्टी निघते! मीटरवर पैसे मोजून आणलेली असते त्यामुळे टाकवत नाही. दिवाणाखाली बोचकं कोंबलंय आणि आता दिवाण भिंतीला नीट टेकत नाहीये, नवरा म्हणतो खोळ घाल त्याला, लोड म्हणून वापरू.
खरा घोळ पुढे आहे. कॉटनची आणि पॉलिएस्टरची सगळी एकत्रच भरलीय मी, सगळं पांढरं, कुठली कुठली काही कळत नाही. पट्ट्या जोडून परत गोधडीत घालता येतात का? आणि हातभर सुद्धा नसलेल्या तुकड्यांचं काय करता?

टाकाहुकला:
जोडता येते की, मी सर्रास जोडते. एकावर एक चढवून मात्र शिवू नका, तिथे वळ उठतो आणि पांघरल्यावर बरोबर हाताला लागतो. दोन तुकडे जरासे एकमेकांवर ठेवायचे आणि दोन्हीतून एकदमच कात्री चालवायची म्हणजे कडा जुळतात, मग कडेला कड भिडवून मशीनवर सगळ्यात रुंद झिगझॅग, टाका लांब ठेवायचा आणि बॅटिंग ओढायची नाही, मशीन नेईल तशी जाऊ द्यायची. ओढली की झालर तयार. मी कापते ती पण सरळ नाही, नागमोडी कापते, सरळ सांधा असला की गोधडी नेमकी तिथेच मुडपते.
फक्त जाडी सारखी हवी आणि जात पण. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, तीन ते पाच टक्के धरून चाला, म्हणजे 60 इंचाला दोन-तीन इंच गेले, पॉलिएस्टर आहे तिथेच. भाचीच्या बाळासाठी दुपटं केलं होतं त्यात दोन्ही जोडलं मी शहाणीने, धुतल्यावर अर्धं दुपटं चुणीदार. तिने डिझाईन समजून कौतुक केलं, मी पण गप्प बसले.

उसवलेली_शिवण:
ओळखायचं सोपं आहे, जाळून बघा. नखाएवढा तुकडा चिमट्यात धरायचा, गॅलरीत जायचं, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि काडी लावायची. कॉटन असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि काळा टणक मणी राहतो (गरम असताना बोट लावू नका, चटका बसून चिकटतो). राख पण आणि मणी पण असं झालं तर मिक्स आहे. मग पिशव्या वेगळ्या करा आणि वर मार्करने लिहाच, लक्षात राहील म्हणता आणि राहत नाही.
हे एवढं सांगतेय कारण सगळेजण पहिलं काय करायला जातात तर गरम भांडं धरायची फडकी. त्यात पॉलिएस्टर नको. ते वितळतं अडीचशे अंशाच्या आसपास पण तव्याची कड तेवढी तापू शकते, आणि त्याच्या बऱ्याच आधी ते दबून चप्पट होतं, मग चटका थेट हाताला. कॉटनचे दोन थर घाला. मायक्रोवेव्हमधे बाऊलखाली ठेवायचं कव्हर शिवणार असाल तर कापड, बॅटिंग आणि दोरा तिन्ही कॉटनचं पाहिजे, दोरा लोक हमखास विसरतात.

सातारी_ठेचा:
आमची आजी वाकळ शिवायची, मधे आजोबांची फाटकी धोतरं, जुनी लुगडी, फार तर शर्टाच्या पाठी, सगळा धावदोरा. उरायचं काही नाहीच, उरलं ते पुढच्या वाकळंत. तुमचं हे शहरी दुखणं आहे ताई (हलकं घ्या). पिंजाऱ्याकडून पिंजून उशीत भरून टाका की सरळ. नाहीतर झाडाला टांगा, पाखरं घरट्याला नेतील.

काकू_डॅलसवाल्या:
सातारीभाऊ, पाखरांना नको हो. हे धागे लांब आणि चिवट असतात, पिल्लांच्या पायाला गुंडाळले जातात, सुटत नाहीत आणि पाय जातो. पिंजाऱ्याचं पण जमणार नाही, गादीचा कापूस मोकळा असतो म्हणून पिंजता येतो, ही बॅटिंग सुयांनी टोचून टोचून घट्ट केलेली असते, कधी आत प्लास्टिकची बारीक जाळी पण असते. उशीत भरायचीच तर आधी कात्रीने बारीक बारीक कापा, पट्ट्या तशाच कोंबल्या तर डोक्याखाली बटाटे भरल्यासारखं वाटतं.
गोधडीवेडी, तुझ्या त्या लांब पट्ट्यांचं मी पायपुसणं करते, इकडे फार चालतं हे. अडीच इंच रुंद कापडाच्या पट्टीवर तेवढीच बॅटिंग ठेवायची, दोन्ही कडा आत दुमडून परत मधोमध दुमडायची आणि शिवत जायचं, जाड नाडीसारखी दोरी होते. मग ती जिलबीसारखी लांबट गोल फिरवत शेजारच्या फेऱ्याला झिगझॅगने जोडायची. वळणावर दोरी जरा सैल सोड, मी पहिल्यांदा ताणली तर पायपुसण्याची पार वाटी झाली, मांजर जाऊन बसलं तिच्यात. मशीन टेबलाच्या पातळीला नसेल तर बाजूला पुस्तकं रचून घे, ते वजन लोंबकळलं की सुई मोडते.
बारके तुकडे मशीन पुसायला. कॉटनच्या तुकड्याला बॉबिनखालची लव मस्त चिकटून येते.

गोधडीवेडी:
काकू _/\_ वाटीचं वाचून हसतेय अजून. आज दुपारी गॅलरीत जाळपोळ केली, नऊ तुकड्यांपैकी पाच कॉटन, तीन पॉलिएस्टर, आणि एक मी कॉटन म्हणून महाग घेतलेलं त्याचा मणी झाला :( वरच्या मजल्यावरच्या आजी खाली डोकावून विचारून गेल्या, काय करपलं गं?