मदत हवी आहे: दिवेआगर ते रेडी, किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघून कोकण किनाऱ्याने खाली रेडीपर्यंत जायचं डोक्यात आहे. मुंबई-गोवा हायवेला जमेल तितकं टाळायचं आणि समुद्र जितका वेळ दिसेल तितका बघायचा, हा एकच हट्ट. बरोबर आई-बाबा (दोघंही सत्तरीच्या पुढे, बाबांचा गुडघा कुरकुरतो), बायको आणि तिसरीतली लेक. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. चालवणारा मी एकटाच.

हाताशी सहा रात्री आहेत. कच्चा बेत असा: ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. दुसऱ्या दिवशी शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी जंगलजेट्टीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) घालून वेश्वी, तिथून वेळास, केळशी, आंजर्ले करत दापोलीचं मुरुड. मग दाभोळ-धोपावे फेरी आणि गुहागर. पुढे तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. मग पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. शेवटी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, आणि आंबोली चढून कोल्हापूरमार्गे घरी.

बायको म्हणते, यात कात्री लावल्याशिवाय हे सहलीसारखं होणार नाही, कुरिअरसारखं होईल. मला काहीच सोडवत नाहीये. कुठे कापू? फेऱ्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो का? लेकीला वेळासची कासवं बघायची आहेत, ती या दिवसांत दिसतात का? आई शाकाहारी आहे. हॉटेलपेक्षा घरगुती सोय बरी वाटते.

प्रतिसाद: दापोलीकर

वहिनी बरोबर बोलतायत. नकाशावरचे किलोमीटर बघून दिवस पाडलेत तुम्ही, पण या रस्त्याला किलोमीटर चालत नाहीत, खाड्या चालतात. प्रत्येक गावाबाहेर रस्ता जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर चढतो, समुद्र गायब होतो, मग वळणं घेत खाडीवर उतरतो, पूल किंवा जेट्टी, की परत चढ. तासाला तीस किलोमीटर धरा, त्यातही चहा आलाच.

कासवांसाठी तुमचा महिना योग्य आहे. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात. घरटी किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवलेली असतात, त्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. खाली पिल्लं असली तर पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडतात, आणि ती आपली वल्ह्यासारखे पाय मारत निघतात. टोपलीखाली काहीच नाही असंही होतं, ते लेकीला आधीच सांगून ठेवा. म्हणूनच वेळासला मुक्काम करा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात. गावात घरोघरी राहायची सोय होते, जेवण साधं आणि आईंना चालेल असं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी कोणी उकड काढत बसत नाही.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आता वरपर्यंत गाडी जाते, बाबांनी पायऱ्यांची धास्ती घेऊ नये. देवळाजवळून सुवर्णदुर्ग दिसतो तो चुकवू नका. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव असतो. आईंना गाडीतच बसवा, वास सोसायचा नाही.

प्रतिसाद: सडाफटिंग

उलटं करा की राव! आधी कोल्हापूर, आंबोली, रेडी आणि मग किनाऱ्याने वर. आपण डावीकडून गाडी हाकतो. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे फोटोसाठी थांबायचं तर रस्ता ओलांडा, आणि दुपारनंतर ऊन थेट चालवणाऱ्याच्या कानशिलावर. उत्तरेला येताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला. गाडी कडेला घेतली की झालं, आणि डाव्या खिडकीतल्या माणसाला दिवसभर फुकट सिनेमा.

दुसरं म्हणजे, दिवेआगरहून निघणारे सगळे रत्नागिरीपर्यंत रमतगमत जातात आणि मग सुट्टी संपत आली म्हणून खालचा भाग हायवेने उरकतात. तो खालचाच भाग निवांत आहे. खालून सुरू केलंत तर ताजेतवाने असताना तो बघून होईल.

प्रतिसाद: दाभोळ खाडी

फेरीबद्दल. म्हाताऱ्या माणसांना काही त्रास नाही, गाडीतून उतरलं नाही तरी चालतं. फक्त चढताना गाडी बऱ्याचदा उलटी, रिव्हर्समध्ये घ्यायला लावतात. तिथला पोऱ्या हात दाखवेल तसं करा, स्वतःचं डोकं चालवू नका. पूर्ण ओहोटीला उतार जास्त होतो आणि पाच माणसं व सामान भरलेल्या हॅचबॅकचं पोट घासतं. बाकीच्यांना खाली उतरवून गाडी चढवा.

सोडून द्यायची फेरी यातली एकही नाही. दाभोळहून समोर धोपावं दिसत असतं. जेट्टी नसेल तर तेवढ्यासाठी दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर गाठायचं म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर. वेश्वीहून बागमांडल्याला जायचं चुकलं तर आंबेतचा वळसा. म्हणून शेवटची फेरी कितीला ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. शनिवारी-रविवारी रांग लागते, तुमचा तो टप्पा मधल्या वारी येईल असं बसवा. आणि रोख पैसे ठेवा, खाडीकाठी रेंजचा भरवसा नाही.

नकाशाच्या ॲपमध्ये थेट 'मालवण ते रत्नागिरी' टाकू नका, ते तुम्हाला हमखास हायवेवर नेऊन सोडतं. एकेक गाव टाकत चला. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंप दिसेल तिथे भरा.

प्रतिसाद: देवगडवाला

कापायचं तर गुहागर-हेदवीचा मुक्काम कापा, आमच्याकडचा नको. (होय, पक्षपात आहे.)

मालवण ते रत्नागिरी एका दिवसात होतं, पण मग कुठे उतरणं होत नाही. आचरा, कुणकेश्वर करून देवगड किंवा विजयदुर्गला एक रात्र टाका. कुणकेश्वरचं देऊळ अगदी वाळूला लागून आहे, बाबांना चालायला फारसं नाही. विजयदुर्ग संध्याकाळी बघा, तिन्ही बाजूंनी पाणी. आत चढउतार आहे, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी जा, बाकीच्यांना जेट्टीवर बसायला छान वाटतं. तिथून वर जैतापूर, आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, मग पूर्णगडाजवळ गावखडीचं सुरूचं बन. दुपारचा डबा तिथे खायचा. हापूसची मात्र आशा धरू नका, फेब्रुवारीत पेटी निघाली तरी तिचा भाव ऐकून भूक मरते.

सिंधुदुर्गाला होडीने जायचं असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. आईंना मालवणात घावणे, उसळ, सोलकढी कुठेही मिळेल. शाकाहारी ताटासाठी आधी सांगितलेलं बरं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. उलट्या दिशेचा मुद्दा बाबांना इतका पटलाय की डावी खिडकी त्यांनी आत्ताच अडवून ठेवलीय.

नवा बेत: पहिली रात्र आंबोली उतरून शिरोड्याला. 1930 चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला ते गाव म्हणून बाबांना बघायचंच आहे, आणि रेडीचा गणपती तिथून जवळ. मग वेंगुर्ला, परुळे करत मालवण, दुसरी-तिसरी अशा दोन्ही रात्री एकाच घरी, म्हणजे सामान उपसायला नको. चौथी विजयदुर्ग. पाचवी गणपतीपुळ्याऐवजी मालगुंडला, गर्दीपासून जरा बाजूला. सहावी वेळास. गुहागर फक्त जेवणापुरतं, जयगड आणि दाभोळ अशा दोन्ही फेऱ्या त्याच दिवशी. शेवटच्या सकाळी कासवं, वेश्वीची फेरी, शेखाडी आणि ताम्हिणीने घर. हर्णै आणि दिवेआगर सोडले.

एकच शंका. मालगुंड ते वेळास एका दिवसात, दोन फेऱ्या धरून, संध्याकाळच्या टोपलीला पोचू का?

प्रतिसाद: दापोलीकर

सकाळी सातला मालगुंड सोडलंत आणि गुहागरात जेवणाला ऐसपैस बसला नाहीत तर पोचाल. हेदवी, वेळणेश्वरला थांबलात तर नाही. दाभोळला दुपारी दोनच्या आत उतरा, मग आंजर्ल्याच्या गणपतीला दहा मिनिटं देता येतील. उशीर झालाच तर सकाळची टोपली आहे. आणि वेळासच्या यजमानांना दाभोळहूनच फोन लावा, जेवायला किती माणसं ते त्यांना कळायला हवं.

प्रतिसाद: सडाफटिंग

रेडीला जाताय तर तेरेखोलचा किल्ला पाच मिनिटं जास्तीची समजा. नदीच्या अलीकडे असून गोव्यात मोडतो, फेरी लागत नाही. बाबांना सांगा, त्या वळणावर उजवी खिडकी चांगली.