मदत हवी आहे: १७ वर्षांच्या मुलाची इमिग्रेशन कोर्टात तारीख, वकील नाही (न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी,

क्वीन्समध्ये रिचमंड हिलजवळ राहते. शेजारच्या सरदारजींचा भाचा मेक्सिकोच्या सीमेवरून एकटाच आला. काही आठवडे सरकारी निवाऱ्यात होता, मग मामा स्पॉन्सर झाले आणि त्यांच्याकडे सोडला. आता २६ फेडरल प्लाझाला, म्हणजे मॅनहॅटनमधल्या इमिग्रेशन कोर्टात, त्याची पहिली तारीख लागली आहे. इंग्रजी कागद वाचून दाखवायला मला बोलावलं.

वाचल्यावर कळलं ते असं. फौजदारी खटल्यात ऐपत नसली तर सरकार वकील देतं, इमिग्रेशनमध्ये नाही. वकील लावायची मुभा आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही, आणि मुलांनाही तोच नियम! समोर सरकारी वकील मात्र पगारी. २०१६ मध्ये एका इमिग्रेशन न्यायाधीशांनी साक्षीत सांगितलं होतं की तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हा कायदा शिकवता येतो. आमच्या चार वर्षांच्या कार्टीला अजून उजवा-डावा बूट कळत नाही.

नोटिशीबरोबर मोफत वकिलांची यादी मिळाली आहे. पोराने एकेका नंबरसमोर पेनाने फुल्या मारल्यात, दोन ठिकाणी गुरुमुखीत 'मंगळवारी फोन कर' असं लिहिलंय. सगळीकडे वेटिंग. मार्च २०२५ मध्ये सरकारने अशा मुलांच्या वकिलांचा निधी थांबवला होता, सुमारे २६ हजार मुलांचा प्रश्न होता. कोर्टाने तो परत सुरू करायला लावला खरा, पण संस्थांची घडी एकदा विस्कटली की लगेच बसते थोडीच.

प्रश्न:
वकील मिळाला नाही तर तारखेला जावं का? मामांची स्वतःची केस चालू आहे आणि कोर्टाच्या आवारातून लोकांना उचलतात म्हणून ते घाबरलेत. ओळखीचा एक 'एजंट' रोख पैसे घेऊन असायलमचा (आश्रय मागण्याचा) फॉर्म भरून देतो म्हणतोय, हे कितपत खरं? वडिलांनी लहानपणीच घर सोडलंय, आई गावी आहे. याचा काही उपयोग होतो का?

प्रतिसाद

ताई, आधी एजंटला हाकला. वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधी यांच्याशिवाय कुणालाही असा सल्ला देता येत नाही. चुकीचा फॉर्म गेला तर निस्तरायला पोरालाच लागतं.

गैरहजर राहिला तर पाठीमागे हद्दपारीचा हुकूम निघू शकतो, त्यामुळे हजेरी हवीच. वकील शोधायला मुदत मागायची, न्यायाधीश सहसा देतात. पंजाबी दुभाषी कोर्टच देतं. घर बदललं तर पाच दिवसांत कोर्टाला कळवा. ऑनलाइन हजेरीसाठी आधी अर्ज करता येतो, मामांच्या भीतीवर तोच उपाय.

वडिलांनी टाकलंय हा मुद्दा मोठा आहे. न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टात मामांना पालकत्व मागता येतं, इथे ते २१ पर्यंत चालतं. त्या आदेशात ठराविक निष्कर्ष (वडिलांनी टाकलंय, मायदेशी परत जाणं मुलाच्या हिताचं नाही वगैरे) आले की 'स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल' म्हणून, म्हणजे आई किंवा वडिलांनी टाकलेल्या मुलांसाठीच्या खास दर्जासाठी, अर्ज होतो. ग्रीन कार्डाची रांग लांब आहे, पण वाट आहे. मुलांच्याच केसेस घेणाऱ्या किंड आणि सेफ पॅसेज प्रोजेक्ट या संस्थांकडे विचारा. असायलमही करायचा असेल तर अठरा व्हायच्या आत वकिलाला गाठा.

आणि त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) इथे टाकू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! एजंटला नाही म्हणून कळवलं. मामा पालकत्वाला तयार आहेत. आता एकच अडलंय: वडिलांचा पत्ता कुणालाच माहीत नाही. फॅमिली कोर्टाची नोटीस त्यांना बजावायची कशी? असं कुणी केलंय का?