डिफेंडर फुकट असताना अँटीव्हायरसला पैसे का मोजायचे?

वागळेवाला

दरवर्षी रिन्यूअलचं कोटेशन आलं की आमचे शेठ ते माझ्या टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "हे लागतं का रे?" वागळे इस्टेटमध्ये शीट मेटलचं काम आहे, ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून डझनभर कॉम्प्युटर. यंदा 'नाही लागत' म्हणायचा विचार आहे. त्याआधी इथे मांडतो, कुणाला खोडून काढायचं असेल तर काढा.

२०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतं. सुरुवातीला ते सुमार होतं, मान्य. पण गेली काही वर्षं जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या चाचण्या बघा. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण असतात, आणि डिफेंडर वारंवार १८ च्या आसपास किंवा पूर्ण १८ घेतं. विकतची मंडळीही तेवढेच घेतात. मग वरचे पैसे कशाचे?

बाहेरचं फुकट अँटीव्हायरस तर नकोच. अव्हास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानंच शेत खाल्लं.

नवीन लॅपटॉपवर आयतं आलेलं ट्रायल असतं ते वेगळंच. ते चालू असताना डिफेंडर बाजूला होतं, आणि मुदत संपली की 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशी लाल खिडकी दिवसभर घाबरवत बसते. घरी मी ते पहिल्याच दिवशी काढून टाकतो, डिफेंडर आपोआप परत चालू होतं.

विरोधी मतं हवीत. फक्त 'आम्ही इतकी वर्षं अमुकच वापरतो, कधी काही झालं नाही' हे नको. त्यात श्रेय सॉफ्टवेअरचं की नशिबाचं, ते कळत नाही.

रबाळे_सर्व्हिस

घरापुरतं सहमत. कारखान्यापुरतं साफ असहमत. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, महापे ते तुर्भे, एएमसीची म्हणजे कॉम्प्युटरच्या वार्षिक देखभालीची कामं करतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

डिफेंडर व्हायरस पकडतं का हा तुमचा प्रश्न. माझा प्रश्न, पकडल्यावर कुणाला कळतं? घरी कोपऱ्यात सूचना येते, समोर बसलेला वाचतो. ऑफिसात समोर डिस्पॅचचा मुलगा असतो, गाडी खाली उभी असते, तो खिडकी बंद करतो आणि चलान छापतो. तुम्हाला पत्ताच नाही. बिझनेस आवृत्तीत एक कन्सोल असतो. कुठल्या मशिनचं अपडेट अडकलंय, कुठे संरक्षण बंद आहे, कुठला पेन ड्राइव्ह लागला, सगळं एका पानावर दिसतं. पैसे त्या पानाचे आहेत, व्हायरस पकडण्याचे नाहीत.

दुसरं म्हणजे, तुमच्याकडे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर एकाही कॉम्प्युटरवर नाही असं छातीठोकपणे सांगाल का? डिझाइनवाल्यांचा हा जुनाच रोग. क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते, 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. आणि बंद करता येतं, कारण छोट्या कारखान्यात प्रत्येकाचं लॉगिन अ‍ॅडमिनचं. कन्सोलवाल्यात ते पासवर्डशिवाय बंद होत नाही.

आता शॉप फ्लोअरवर या. लेझर कटिंगच्या मशिनला जोडलेला पीसी कुठल्या विंडोजवर आहे? पैज लावतो, ७ नाहीतर एक्सपी. विंडोज ७ मधलं डिफेंडर फक्त स्पायवेअर बघायचं, ते अँटीव्हायरस नव्हतंच. मशिनवाली कंपनी म्हणते काही इन्स्टॉल केलंत तर वॉरंटी गेली. आणि प्रोग्राम मात्र रोज पेन ड्राइव्हवरून जातात, तोच पेन ड्राइव्ह जॉबवर्कवाल्याकडे फिरून येतो. तुमचे १८ पैकी १८ तिथे कुणाच्या उपयोगाचे?

घणसोलीकर

धागाकर्त्याला +१. घरच्यांना माझं एकच सांगणं, कॉम्प्युटरच्या अँटीव्हायरसवर वाद घालण्यापेक्षा फोन सांभाळा. पैसे तिकडून जातायत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप, येते, एकदा इन्स्टॉल केली की ओटीपीचे मेसेज परस्पर पळतात. डिजिटल अरेस्टमध्ये तर माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, त्याला कुठलं सॉफ्टवेअर अडवणार? सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

बेलापूर_क्लिअरिंग

आमचं काम न्हावा शेवाचं, म्हणून सांगतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमध्ये फुटला, तिथून मेर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या जेएनपीटीतलं जीटीआय टर्मिनल बंद पडलं, कारण ते मेर्स्कच्याच एपीएम टर्मिनल्सचं. कोण कुठला युक्रेन, आणि इथे उरण रोडला कंटेनरच्या रांगा. पुढे मेर्स्कच्या अध्यक्षांनीच सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. 'आपल्यासारख्या छोट्यांच्या वाटेला कोण जाणार' असं ज्याला वाटतं त्याने हे लक्षात घ्यावं. तो हल्ला आपल्यावर नव्हताच, तरी आपलं काम थांबलं.

वागळेवाला

@बेलापूर_क्लिअरिंग, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नॉटपेट्या आला कशातून? युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. म्हणजे आपल्या टॅलीच्या अपडेटमधून यावा तसा. मेर्स्ककडे विकतचं अँटीव्हायरस नव्हतं असं वाटतं का?

आणि अँटीव्हायरसमुळेच काम बंद पडतं त्याचं काय? १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट, जगभर अंदाजे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. व्हायरस नाही, हॅकर नाही, राखणदारच आडवा पडला. ही सॉफ्टवेअरं विंडोजच्या गाभ्यात बसतात, त्यामुळे ती चुकली की मशिन सुरूच होत नाही. मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये असा आणखी एक भागीदार का घेऊ?

बेलापूर_क्लिअरिंग

अर्धीच गोष्ट सांगताय. शिरला अपडेटमधून, पण पसरला कसा? दोन वाटांनी. एक विंडोजचं जुनं भोक, जे बुजवणारं अपडेट (पॅच) मार्च २०१७ मध्येच आलं होतं, वॉनाक्राय या व्हायरसनेही मे महिन्यात तेच भोक वापरलं. दुसरी वाट म्हणजे मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि तेच वापरून शेजारच्या मशिनमध्ये जायचं. त्यामुळे पॅच मारलेली मशिनंही गेली. फाइल ओळखीची आहे का एवढंच बघणारं अँटीव्हायरस इथे हरतं. मशिनवर काय चाललंय ते बघणारं, ज्याला ईडीआर म्हणतात, ते निदान आरडाओरडा करतं. तुमच्या डझनभर कॉम्प्युटरना अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच आहे ना? बहुतेक ठिकाणी असतोच.

मेर्स्क वाचलं ते घानामुळे. तिथल्या ऑफिसात नेमकी लाइट गेली होती, म्हणून त्यांच्या डोमेन कंट्रोलरची, म्हणजे सगळ्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरची, एक प्रत नेटवर्कबाहेर राहिली. बाकीच्या सगळ्या पुसल्या गेल्या. महावितरणला शिव्या घालताना हे आठवतं मला.

कोपरीचे_काका

मध्येच बोलतो, माफ करा. माझ्याकडे कॅस्परस्की आहे, मुलाने घालून दिलं. अमेरिकेत बंदी आली असं ऐकलं. काढू का? कॉम्प्युटर जुना, विंडोज १०. बँक आणि पेन्शन एवढंच बघतो.

घणसोलीकर

काका, ती बंदी अमेरिकेपुरती. जून २०२४ मध्ये तिथल्या वाणिज्य खात्याने जाहीर केली, कंपनी रशियन आहे म्हणून. तुमचं बंद पडणार नाही. मुदत संपेपर्यंत राहू द्या, पुढे रिन्यू करू नका, डिफेंडर आहेच.

तुमची खरी अडचण विंडोज १० ची आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसची नवी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. घरच्यांसाठी ईएसयू नावाची वाढीव अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलीय, मुलाला सेटिंगमध्ये विंडोज अपडेटखाली बघायला सांगा. ते होत नसेल तर बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करू नका, मग अँटीव्हायरस कुठलंही असो.

गावदेवी_कॉम्प्युटर्स

दुकानदाराला कमिशन मिळतं म्हणून अँटीव्हायरस खपवतात, असा सूर इथे नेहमी लागतो, म्हणून लिहितो. हो, मिळतं. पण गिऱ्हाईक बॉक्स नेतं तेव्हा काय नेतं? आमचा फोन नंबर नेतं. प्रिंटर बंद पडला तरी फोन मलाच येतो, आणि 'तुमचं अँटीव्हायरस बघा जरा' अशी सुरुवात असते. कोपरीच्या काकांना तुम्ही ईएसयू सांगितलंत. छान. ते चालू कोण करून देणार, तुम्ही जाणार आहात का?

क्विक हील आमच्याकडे सगळ्यात जास्त जातं. पुण्याची कंपनी, काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून उभी केली, २०१६ साली शेअर बाजारात आली. मराठीत बोलणारा माणूस फोन उचलतो, ही गोष्ट एव्ही-टेस्ट मोजत नाही.

वागळेवाला

@गावदेवी_कॉम्प्युटर्स, मग सरळ 'सर्व्हिसचे वर्षाला इतके' म्हणून बिल करा ना. मी आनंदाने देईन. बॉक्सच्या आड कशाला?

गावदेवी_कॉम्प्युटर्स

सांगून बघितलंय. नुसत्या सर्व्हिसचे पैसे म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "दोन मिनिटांचं काम आहे." बॉक्स हातात दिसला की देतं.

वाशीची_सीए

दोन्ही बाजूंना न आवडणारं सांगते. तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्याचा टॅलीचा सगळा डेटा रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, लॉक केला. विकतचं अँटीव्हायरस होतं, लायसन्स चालू. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला, पोर्ट तोच नेहमीचा ३३८९, पासवर्ड फर्मच्या नावाचाच. चोर पासवर्ड टाकून पुढच्या दाराने आला आणि त्याने आधी अँटीव्हायरस अनइन्स्टॉल केलं. शिवाय टॅली हळू चालते म्हणून कुणीतरी डेटाचा अख्खा फोल्डर स्कॅनमधून वगळून ठेवला होता. बॅकअप? त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर.

डिफेंडरवाल्यांनाही एक प्रश्न. त्यात कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाची रॅन्समवेअरविरुद्धची सोय आहे, ती मुळात बंद असते. तुमच्यापैकी किती जणांनी चालू केलीय? चालू केल्यावर टॅलीला परवानगीच्या यादीत घालावं लागतं, नाहीतर एंट्री सेव्ह होत नाही आणि मग फोन मला येतात.

कायद्याचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचा असतो आणि लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. नुसत्या डिफेंडरवर चालणाऱ्या किती ऑफिसांकडे १८० दिवसांचे लॉग निघतील? कन्सोलच्या बाजूने मला हाच मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. आणि अव्हास्टसारख्यांच्या फुकट आवृत्त्या करारानुसार फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात, ऑफिसात घालणं नियमात बसत नाही.

रबाळे_सर्व्हिस

सीए मॅडमनी सांगितलेल्या केसमध्ये अँटीव्हायरस निघाल्यावर कन्सोलवर दिसलं असतं.

वाशीची_सीए

दिसलं असतं, पण रात्री अडीचला बघत कोण होतं? तुमच्या एएमसीत रात्रीचं येतं का?

रबाळे_सर्व्हिस

नाही येत. पण अनइन्स्टॉलला पासवर्ड असता तर मुळात निघालंच नसतं, हे तरी मानाल. आणि चोवीस तास बघणारी सेवा हवी तर मिळते, दर ऐकून शेठ उठून जातात.

वागळेवाला

बरं. घरच्या बाबतीत माझं मत तेच आहे, डिफेंडर पुरे, वरचा रुपया देऊ नये. कारखान्याचं कोटेशन मात्र आहे तसं पास करणार नाही. त्यात नुसतं 'अँटीव्हायरस, १२ नग' लिहिलंय, कन्सोल नाही, पेन ड्राइव्हवर नियंत्रण नाही. ते नको. लेझरचा पीसी इंटरनेटवरून काढायचा, प्रोग्रामसाठी कारखान्याबाहेर न जाणारा एकच पेन ड्राइव्ह, प्रत्येकाचं अ‍ॅडमिन लॉगिन बंद, आणि टॅलीचा बॅकअप रोज अशा डिस्कवर जी रात्री कपाटात जाते. याला रिन्यूअलपेक्षा कमी खर्च आहे. ऑफिसातल्या पीसींसाठी कन्सोलवालंच घ्यायचं तर दोन दर मागवतो, क्विक हीलच्या सेक्राइट या बिझनेस आवृत्तीचा आणि मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर फॉर बिझनेसचा. दुसरं ३०० जणांपर्यंतच्या कंपन्यांसाठीच आहे, आणि मेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलं तर त्यातच येतं.

@रबाळे_सर्व्हिस, शेठना 'कन्सोल रोज कोण बघणार' याचं उत्तर लागेल. माझं नाव सांगू नका.

रबाळे_सर्व्हिस

तुमचंच सांगणार, सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं. आणि दर मागवताना टॅलीचा सर्व्हर वेगळा लिहा, डिफेंडर फॉर बिझनेसमध्ये सर्व्हरचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. ३३८९ उघडा आहे का ते आजच राउटरमध्ये बघा, त्याला कोटेशन लागत नाही.