पालकांची बाजू मांडणाऱ्या संस्थेत धोरणविषयक इंटर्नशिप

विधी विद्यार्थिनी, धरमपेठ: ज्यांचे मूल ताब्यात घेतले गेले आहे अशा पालकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत धोरण-इंटर्नला नेमके कोणते काम मिळते?

माजी इंटर्न: बाल न्याय अधिनियम 2015 नुसार मुलाला, प्रवासाचा वेळ वगळता, 24 तासांत बालकल्याण समितीपुढे (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) हजर करावे लागते आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो, या तत्त्वाचा उल्लेख समितीच्या आदेशांत खरोखर येतो का, हे तपासून टिपण लिहिण्यात माझी उन्हाळी सुटी गेली. (आदेशांतले हस्ताक्षर वाचणे हीच खरी परीक्षा!)

वकील, सदर: याच अधिनियमाचे कलम 74 मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, म्हणून माझ्या इंटर्नच्या टिपणातले ‘कळमेश्वरजवळचे गाव’ मी लाल शाईने खोडले होते.

विद्यार्थिनी: आभारी आहे. अर्जासोबत मराठी टिपणाचा नमुना जोडते.