शिकवण्याच्या साहित्यावर ‘एनसी’ लावू नये, असं माझं मत झालंय

टाकबोरू
व्याकरणाचे पाठ लिहिले, आकृत्या काढल्या आणि खाली ‘सीसी बाय-एनसी’ टाकलं, हा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचा तयार परवाना. म्हणजे नाव द्या, वापरा, पण धंदा करू नका. तेव्हा हेच सगळ्यांत सुरक्षित वाटलं होतं. मागच्या महिन्यात एका शिक्षिकेची मेल आली. पाठ छापून मुलांना द्यायचेत, छपाईचा खर्च निघेल एवढीच किंमत ठेवायची आहे, चालेल का? परवान्यात बंदी आहे ती मुख्यत्वे व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी होणाऱ्या वापरावर. खर्चापुरती किंमत त्यात येते का? मी दोन दिवस वाचत बसले, शेवटी ‘चालेल’ कळवलं. पण न विचारताच किती जणांनी नाद सोडला असेल, हे मनातून जात नाही.

विकिपीडियाचा मजकूर 2009 पासून बाय-एसएवर आहे: नाव द्या, आणि बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर द्या. एनसीमुळे माझी एकही आकृती तिथे जाऊ शकत नव्हती. मी आता बाय-एसए करतेय. तुम्हीही करा, असं मनापासून सांगते.

हक्कराखीव
साफ असहमत. मी फोटो काढतो. एक मालिका ‘सीसी बाय’वर, म्हणजे फक्त नाव देण्याच्या अटीवर, टाकली होती. त्यातला आजीच्या हातांचा फोटो, शेंगा सोलतानाचा, एका मलमाच्या जाहिरातीत दिसला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव होतं, म्हणजे अट पाळलेली. मला काही करता आलं नाही. हे परवाने मागे घेता येत नाहीत. पुढे देणं थांबवा, पण ज्यांनी घेतलं त्यांचा हक्क राहतोच. कॉपीराइट तर काम केलं त्या क्षणी मिळतो, बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. मग हातातलं सोडायचं कशाला? ज्याला खरंच हवंय तो पत्र लिहील.

टाकबोरू
आजीचं वाचून वाईट वाटलं. अशा वेळी परवान्यात एक सोय आहे: नाव काढून टाका असं आपण कळवू शकतो आणि शक्य तिथवर त्यांना ते काढावं लागतं. शिवाय तुमचा त्या मलमाला पाठिंबा आहे असं त्यांना भासवता येत नाही.

हक्कराखीव
नाव निघेल. हात तिथेच राहतील.

टाकबोरू
हे मान्य. पण ‘पत्र लिहील’ हे मला पटत नाही. बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क राहतो, बऱ्याच देशांत 70. तेवढ्या काळात वारस कोण, पत्ता काय, काही सापडत नाही. पत्र पाठवायचं कुणाला? पुस्तकं छापायची राहतात ती अशीच.

कोडकरी
टाकबोरू, पाठांसोबत तुमचा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही आहे ना? तो सीसीखाली टाकू नका. सॉफ्टवेअरसाठी आमचे परवाने वापरू नका, असं क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते. त्यांत सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित आज्ञावली, देण्याबद्दल काही नाही. जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना लावा. विकायला त्याची मनाई नाही, फक्त ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्सही मिळाला पाहिजे. आणि कोड नुसता वेबवर ठेवून परवानाच लिहिला नाहीत, तर तो ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना वापरायला-बदलायला खुला, होत नाही. सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात.

पाटीपेन्सिल
एवढ्याशा प्रोग्रामला जीपीएल? मी एमआयटी लावला असता. नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बाकी काहीही करा. ज्यांना स्वतःचा कोड उघडा करायचा नाही, तेही वापरतील. तपासनीस जितक्या ठिकाणी पोचेल तितकं शुद्ध लिहिलं जाईल, मला त्याचं मोल जास्त वाटतं.

कोडकरी
पोचेल, पण त्यांनी केलेल्या सुधारणा आपल्याकडे परत येतीलच असं नाही. मला ते सलतं. आत्ताच नीट ठरवा, कारण दहा जणांनी हातभार लावला की परवाना बदलायला दहाही जणांची संमती लागते. लिनक्स या संगणकप्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, बघा. जीपीएलची तिसरी आवृत्ती 2007 मध्ये आली, कर्नल अजून दुसरीवरच आहे. लिनक्स सुरू करणाऱ्या टोरवाल्ड्सना तिसरी पसंत नव्हतीच, पण असती तरी हजारो जणांना विचारायचं कसं?

हक्कराखीव
टाकबोरू, तुमच्या पाठांपुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो. पाठ वापरला गेला तरच त्याचा उपयोग. माझे डोंगर-नद्यांचे फोटोही बाय-एसएवर टाकेन. माणसांचे मात्र राखीवच राहतील, त्यात तडजोड नाही.

टाकबोरू
माणसांच्या फोटोंबद्दल आता मीही तसंच म्हणेन. कोडकरींचं वाचून एक गोष्ट लक्षात आली: संधीच्या पाठातल्या चार आकृत्या मैत्रिणीने काढल्यात. तिला न विचारता मी त्यांचा परवाना बदलू शकत नाही. संध्याकाळी तिला फोन करते. तोवर त्या चार आकृत्यांखाली एनसीच ठेवलंय.