गाभण शेळीला खुराक म्हणजे पैसे पाण्यात? कालच्या पोस्टला उत्तर

माळरान सांगोला:
काल एकानं टाकलं, "गाभण शेळीवर खर्च कशाला, करडू बाहेर आलं की मका-पेंड चारा, मास आपोआप भरतंय." आणि खाली अंगठेच अंगठे. अहो, मास काय पोत्यात भरायचं धान्य हाय का? स्नायूचे तंतू किती हे करडू पोटात असतानाच ठरतंय, 5 महिन्यातल्या मधल्या काळात. शेळी व्याल्यावर नवीन तंतू जवळजवळ होत नाहीत, हायेत तेच जाड होत्यात. त्या टायमाला शेळी नुसत्या कडब्यावर काढली तर तंतूच कमी पडत्यात, मग पुढं कितीबी मका घाला, बरंचसं चरबीत जातंय.

मोहोळचा बोकडवाला:
पोस्ट माझीच हाय. पुस्तक वाचून शेळ्या पाळणाऱ्यांना रामराम. 2018-19 च्या दुष्काळात माझ्या गाभण शेळ्या बाभळीच्या शेंगांवर जगल्या, त्यांचेच बोकड बकरी ईदला पहिले उचलले.

माळरान सांगोला:
शेंगांत प्रोटीन असतंय की ओ! खुराकच दिला तुम्ही, फक्त बिल आलं नाही.

बार्शीकर पाटील:
हे सोडा, खरा घोळ बोअर क्रॉसचा हाय, म्हंजी आफ्रिकेच्या त्या मासाच्या शेळीच्या संकराचा. फलटणला निंबकरांच्या संस्थेनं बोअर आणली ती अभ्यास करून, आणि आपल्याकडं कान लांब दिसला की झालं, बोअर म्हणून दुप्पट भाव. मला पण एकानं असाच बोकड गळ्यात मारला, फोटोत पैलवान, घरी आणला तर नुसतं पोट.

अक्कलकोटची ताई:
उस्मानाबादीला काय कमी हाय म्हणून तिकडं पळताय? ऊन सोसते, जुळी देते.

बार्शीकर पाटील:
जुळी देते, पण दोन्ही मरतुकडी.

अक्कलकोटची ताई:
तुमच्याकडं मरतुकडी होत असतील! पोटात दोन असताना एकटीचा चारा टाकायचा आणि नावं जातीला ठेवायची. शेवटच्या दीड-दोन महिन्यात करडाचं वजन झपाट्यानं वाढतं, तेव्हा तरी मूठभर भरडा टाका. आमच्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या तरी त्यांना हे कळत होतं.

माळरान सांगोला:
ताई, बरोबर, पण शेवटच्या महिन्यातला भरडा वजनाला आणि दुधाला. तंतूंचं काम तोवर बरंचसं आटपलेलं असतंय.

बार्शीकर पाटील:
म्हणजे जात काहीच नाही म्हणता?

माळरान सांगोला:
कोण म्हणलं? बेल्जियन ब्लू गाय बघा, मास वाढायला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जीनमध्ये बिघाड, म्हणून जन्मतःच तंतू जास्त. जात पण पोटातच काम करते. तुमच्या त्या बोकडाचं मात्र मला सांगता येत नाही.

बार्शीकर पाटील:
टोमणे नकोत. माझे पैसे गेलेत.

मोहोळचा बोकडवाला:
बरं बाबा, जिंकलात. यंदा दोन शेळ्यांना दुसऱ्या महिन्यापासून पेंड लावतो आणि बिल सांगोल्याला पाठवतो.

माळरान सांगोला:
पाठवा. पण करडं काट्यावर तोला, हातानं उचलून अंदाज सांगू नका.

मोहोळचा बोकडवाला:
काटा लावला की व्यापारी दारात थांबत नाही, हे कुठल्या पुस्तकात हाय का?